साहेबांपुढे न हललेला काटा

मित्रांनो, मी एक जुना पेट्रोलमापक आहे. जुना म्हणा, खोटा म्हणू नका. मोटारगाड्या नव्याने निघाल्या तेव्हाचा मी. टाकीतला तरंगा पेट्रोलबरोबर वरखाली होई आणि तबकडीवरचा माझा काटा त्याच्यासोबत फिरे.

एका तांबटाने मला घडवलं. पहिला तरंगा बुचाचा होता. पत्र्याच्या शेडमध्ये शेगड्या पेटवून चाचणी घेतली, तेव्हा गरम पेट्रोलने त्यावरचं रोगण खाल्लं, बूच भिजून बुडालं आणि भरलेल्या टाकीला मी रिकामी म्हणालो. सगळे पोट धरून हसले. तांबटाने पितळेचा पोकळ तरंगा ठोकला, डाख लावून पक्का केला आणि पुन्हा उभा राहिला.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांना मात्र स्वतःची काचेची नळी लाडकी होती. टाकीकडून आलेल्या हवेच्या दाबाने नळीतलं लाल पाणी चढे. जितकं पाणी वर, तितकं पेट्रोल समजायचं. नव्या गाड्यांवर आमच्यापैकी एकच बसणार होतं. म्हणून भर उन्हाळ्यात, भर दुपारी, आम्हा दोघांना एकाच गाडीत बसवून माळरानावर नेलं. गाडी साहेब चालवत होते. शेजारी वही घेऊन तांबटाची मुलगी. दर दहा मिनिटांनी आकडे टिपायची, म्हणून सगळे तिला मोजणीताई म्हणत.

पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. नळी अर्धी टाकी दाखवत होती. मी शून्यावर टेकलो.

"तुझ्या बाबांचा काटा पुन्हा झोपला," म्हणत साहेबांनी मला बोटांनी ठोकलं. पुन्हा ठोकलं. तिसऱ्यांदा माझ्या तबकडीच्या काचेला तडा गेला. मी तसूभर हललो नाही.

"साहेब, मागे वळूया का?"

"अर्धी टाकी आहे, बाई!"

दोन मैलांवर गाडीने आचके दिले आणि ती थांबली. ताईने टाकीत लाकडी पट्टी घातली. कोरडी ठणठणीत! उन्हाने टाकीतली हवा फुगली होती, आणि नळीला तेच पेट्रोल वाटलं होतं.

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "लिही, दोन्ही मापक बिघडले."

"नाही लिहिणार."

"तुझ्या बाबांची नोकरी माझ्या हातात आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण वही माझ्या हातात आहे."

चार मैल दोघं चालत परतली. दुसऱ्या दिवशी ताईने वही थेट मालकांच्या टेबलावर ठेवली. मालकांनी समोर उभं राहून चाचणी पुन्हा करवली, आणि गाड्यांवर माझी भावंडं बसली. तांबटाची नोकरी टिकली. साहेबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, तर तो म्हणे, "बरंच झालं, कामाला निवांतपणा मिळाला!"

पुढे विजेवर चालणारे मापक आले आणि माझी रवानगी खिळ्यामोळ्यांच्या खणात झाली. धूळ बसली, काटा गंजला. दया नको मला. पण मित्रांनो, यंत्राला तेलपाणी करा, त्याला जपा. त्याने नको ते सांगितलं म्हणून त्याच्यावर हात उगारू नका. आधी खरं-खोटं करून पाहा. आणि मला वितळवणारच असाल, तर माझ्या पितळेचं पुन्हा काहीतरी मोजायचं साधन करा. शोभेची फुलदाणी व्हायला मी तयार नाही!