अष्टमीची पाहणी

खाडीकाठची जागा बिल्डरला हवी होती. तिच्या पाहणीसाठी सरकारी समितीने दोन शनिवार पुढे केले होते. तक्रार आमच्या सासऱ्यांची, चंद्रहासरावांची; त्यांनी पहिला उचलला. का, तर दुसऱ्या शनिवारी माणिकपूरच्या हॉलवर त्यांच्या भाच्याचं लग्न. धन्य ते मामा!

पहिला शनिवार निघाला अष्टमीचा. अष्टमीला भांग, म्हणजे भरती अगदी मरगळलेली. खाडीकाठी जन्म गेलेल्या चंद्रहासरावांना हे बांधावर उभं राहिल्यावर आठवलं! समोर तिवरांखाली चिखल भेगाळलेला, पाण्याचा टिपूस नाही.

"बघा मॅडम, कोरडी जागा. इथे खाडी येतच नाही," बिल्डरचा माणूस समितीच्या बाईंना खुशीत म्हणाला.

जागा कोरडी ठरली की भराव पडणार, भिंत उठणार आणि गावाची खाडीत उतरायची वाट बंद होणार. त्याच वाटेने बायका चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आणि चिखलातले निवट्या मासे धरायला जातात. माझ्या सासूबाईंचा तर सगळा तोरा त्या वाटेवरचा.

"पौर्णिमेला या, गुडघाभर पानी दाखवतो," सासरे विनवू लागले.

"काका, आज जे दिसतं तेच मला लिहावं लागेल," समितीच्या बाई म्हणाल्या. त्यांचंही चूक नव्हतं.

"जेवा आता लग्नात पोटभर," सासूबाई नवऱ्यावर कडाडल्या आणि पदर खोचून चिखलात उतरल्या. तिवराच्या मुळाशी एक बीळ होतं. त्यात त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो नांग्या उगारलेली चिंबोरी घेऊनच.

"पानी येत नाय, मंग ही काय रिक्षानं आली? बाई, तुम्हीच हात घाला. तळाला पानी हाय, खारं."

बाईंनी खरंच बाही वर सारली, हात घातला, बोट जिभेला लावलं आणि हसल्या. "भरतीचं पाणी येणारी जागा. चिंबोरी जिवंत," त्या मोठ्याने बोलत लिहू लागल्या.

"आणि आमची वाट?" मला राहवेना.

"खाडी राहिली तर तिच्यावर जगणाऱ्यांचा हक्कही राहायला हवा. दोन्ही एकत्रच लिहिते."

मला इतकं हलकं वाटलं की मी बांधावरच बसकण मारली. सासरे चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसत होते. मग मला कालवणाची आठवण झाली आणि मी चिंबोरीसाठी पिशवी उघडली.

सासूबाईंनी मात्र वाकून तिला बिळाच्या तोंडाशी सोडलं. "आपल्या बाजूनं साक्ष दिली तिनं," त्या म्हणाल्या, "आन् तू तिला शिजवतेस?"