तंबूतले उन्हाळे

मित्रांनो, मला पहिल्यांदा उचलणाऱ्याच्या तोंडून हमखास "बाप रे!" निघतं. दिसायला मी एवढीशी, पण अंगाने सगळी बिडाची. हाताने फिरवायची जुनी शिलाई मशीन आहे मी. उजवीकडे चाक, चाकाला लाकडी मूठ, मानेवर सोनेरी वेलबुट्टी आणि वरून झाकायला कडीची लाकडी पेटी. वेलबुट्टी आता निम्मी पुसली गेली आहे. माझ्या मालकिणीचा, शिवणताईचा डावा तळवा जिथे टेकायचा, तिथे तर नुसतं काळं लोखंड उरलंय. त्याची माझी तक्रार नाही. वापराने झिजणं बरं की पडून गंजणं बरं, हे मी दोन्ही भोगून शिकले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. भट्टीतून निघाले, घासले गेले, काळा रंग चढला. कापड पुढे ढकलणारे बारीक दाते माझ्या सुईखाली बसवल्यावर एका म्हाताऱ्या कारागिराने त्यांवरून अंगठा फिरवला, पांढऱ्या चिंधीवर एक शिवण मारून पाहिली आणि म्हणाला, "ही लांबचा पल्ला मारणार." तो वर्षांबद्दल बोलत होता. मी मात्र खरोखरच लांब लांब फिरले.

दुकानाच्या काचेआड दीड वर्ष काढल्यावर एक तरुण बाई आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी. नवरा नुकताच गेलेला. दुकानदार तिला पायमशीन दाखवत होता. ती म्हणाली, "पायमशीन बसमध्ये मावायची नाही हो." त्या एका वाक्याने माझं नशीब उघडलं.

ही शिवणताई. एका बाहुल्यांच्या संचात तिला काम लागलं होतं. बाहुल्या म्हणजे तुमच्या खेळण्यातल्या नव्हेत बरं का! बारा बारा हात उंच. आत दोन माणसं उभी राहून त्या चालवायची. संचाचे मालक मास्तर. दर उन्हाळ्यात त्यांची जुनी बस निघायची आणि तीन महिने गावोगाव, देशोदेशी, जिथे उत्सव असेल तिथे जायची. बाहुल्यांचे घागरे, अंगरखे, पोत्यांएवढ्या बाह्या, सगळं शिवायची ताई, आणि ताईच्या हाताखाली मी.

काय उन्हाळे होते ते! समुद्रकाठच्या एका गावात घरोघरच्या खुर्च्या वाळूवर यायच्या. तिथे आठवडाभर गाणं चाले, आणि बेसूर गाणाऱ्यालाही टाळ्या मिळत. डोंगरातल्या एका गावात गवत कापून झालं की पतंगांचा उत्सव असे. तिथे दोन टेकड्यांमध्ये एवढे पतंग चढायचे की खाली सावली पडायची म्हणे. एका शहरात मोठा रस्ता फुलांनी भरायचे आणि त्या दिवशी माझ्या दात्यांत पाकळ्या अडकायच्या. आणि एका रुंद, संथ नदीवर नावांचा उत्सव व्हायचा. प्रत्येक गल्लीची एक नाव, प्रत्येक नावेला रंगीत शीड.

मला उत्सव ओळखू यायचे ते फाटलेल्या कपड्यांवरून. नाच असला की काखा उसवलेल्या यायच्या. नावा असल्या की विजारी बसायच्या जागी. गाण्याच्या उत्सवात ढोलांचे पट्टे तुटायचे, आणि पतंगांच्या गावात काय काय फाटायचं ते विचारूच नका. लोक रांगेने तंबूत यायचे. संचाचे लोक, परके लोक, ज्यांची भाषा ताईला कळत नव्हती तेसुद्धा. फाटलेलं दाखवायला भाषा लागत नाही. ताई सुई तोंडात धरून मान हलवायची आणि माझं चाक फिरायला लागायचं.

एकदा नदीवरच्या त्या उत्सवात ऐन सकाळी वारं सुटलं आणि सर्वांत उंच बाहुलीचा घागरा कमरेपासून खालपर्यंत चिरला. मिरवणूक दुपारी. मास्तरांनी कपाळाला हात लावला. ताई म्हणाली, "मास्तर, कपाळ सोडा आणि ते टोक धरा." सहा माणसांनी घागरा धरला, मास्तर त्यांतले एक. ताईने तो वीतवीत करून माझ्या सुईखालून नेला. पाच सुया मोडल्या. शेवटचा टाका पडला तेव्हा रस्त्यावर ढोल सुरू झाले होते. बाहुली निघाली आणि बाहेरून अशी आरोळी उठली की तंबूचं कापड थरथरलं. ताई उकिडवी बसून सुयांचे तुकडे वेचत होती. माझ्या मानेवर थोपटून म्हणाली, "ऐकलंस? आपल्यासाठी आहे ते."

मित्रांनो, इथवर सगळं गोड झालं. आता जे सांगते ते सांगताना माझं चाक जड होतं.

ताईच्या मुलीला सगळे ठकी म्हणत. उन्हाळाभर ती मावशीकडे राहायची. इतर मुलांना सुटी लागली की आया घरी सापडायच्या, हिची आई नेमकी तेव्हाच निघून जायची. तीन महिन्यांच्या शिवणावर वर्षाची चूल पेटत होती, पण हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगून काय उपयोग?

त्या वर्षी निघायच्या दिवशी ताईने मला पेटीत ठेवण्याआधी नेहमीसारखं तपासलं आणि तिचा चेहरा उतरला. बॉबिनची डबी नव्हती. खालचा दोरा त्या डबीतून येतो. ती नसली की मी नुसती लोखंडाची ठोकळी. मावशीने पलंगाखाली केरसुणी घातली, धान्याचे डबे उपसले. दारात बस भोंगा वाजवत होती. मास्तर दोनदा येऊन म्हणाले, "ताई, उशीर होतोय हो."

ठकी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. डाव्या वेणीची रिबीन हातात घेतली आणि हळूच म्हणाली, "ठकी, ही गाठ माझी नाही."

ठकीने मान खाली घातली. ताईने रिबीन सोडली, तर डबी तळहातावर पडली.

"मशीन चालली नाही तर तू जाणार नाहीस ना?" ठकीने विचारलं.

"मशीन चालली नाही तर हातानं शिवीन, बाळा. जावं तर लागेलच."

"मग मलाही ने."

ताईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर दारातच घुटमळत म्हणाले, "नेली असती हो. पण या वर्षी दोन बाहुल्या वाढल्या. माणसंच पायरीवर बसून येताहेत."

ताईने पुन्हा रिबीन बांधली. त्या दिवशी गाठ तीनदा सुटली. मग तिने मला उचललं. ठकी दारापर्यंत आली, पण हात काही हलवला नाही. बस निघताना तिने आईकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मी जन्मभर टोचण्याचं काम केलं, पण असं टोचणं मला कधी जमलं नाही.

त्या उन्हाळ्यात ताईने प्रत्येक उत्सवातलं उरलेलं कापड जपून ठेवलं. समुद्रकाठचं निळं, पतंगांचं पिवळं, शिडाचं जाडंभरडं तांबडं. त्यांचा ठकीसाठी झगा शिवला. ठकीने तो घडी मोडून पाहिला, "छान आहे" म्हणाली आणि कपाटात ठेवला. अंगावर कधी घातला नाही. ताईने पुन्हा विचारलं नाही.

वर्षं गेली. मास्तर थकले, बस त्याहून थकली, संच बंद झाला. ठकी शिकून दातांची डॉक्टर झाली आणि आईला आपल्या घरी घेऊन गेली. मी तिथल्या माळ्यावर गेले. पेटीवर आधी जुनी मासिकं आली, मग एक बिघडलेला पंखा. समुद्रकाठचा खार अंगात मुरलेला होता, तो आता बाहेर निघाला. चाक आखडलं. खालून भांड्यांचे, बोलण्याचे आवाज येत, पण माझं नाव त्यांत नसे. रागावू कुणावर? ताईचे गुडघे धरले होते, तिला माळ्यावर चढता येत नव्हतं. आणि ठकी मला खाली का काढील?

एका रविवारी दुपारी ठकी खाली मोठ्याने काहीतरी वाचत होती. "आई, ऐक. जगातले आवर्जून बघावेत असे उन्हाळी उत्सव. यातले बरेच तुझे आहेत बघ. पतंगांचा आहे, वाळूवरच्या गाण्यांचा आहे, नदीवरच्या नावांचा आहे. किती पाहिलेस तू यातले?"

ताई म्हणाली, "गेले सगळ्यांना. पाहिला एकही नाही."

"म्हणजे?"

"अगं, बाहेर मिरवणूक असायची तेव्हा मी तंबूत. पुढच्या गावात लागणारे कपडे फाटलेले असायचे ना. आवाज ऐकायचे. आवाजावरून कळायचं, आता नावा वळल्या, आता टाळ्या पडल्या."

"तेवीस वर्षांत एकदासुद्धा नाही?"

"पोटासाठी जात होते, हे खरं. आणि मला जायला आवडायचंही, तेही खरं. तुला ठेवून जायचे आणि तरी आवडायचं. तुला हे कधी सांगता आलं नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग बराच वेळ नळ वाहत राहिला.

आठ दिवसांनी माळ्याचं दार उघडलं. पंखा बाजूला झाला. ठकीने मला उचललं आणि म्हणाली, अर्थात, "बाप रे!" खाली ताईने माझ्या प्रत्येक भोकात तेल सोडलं, चाक मागेपुढे करत राहिली. तिसऱ्या दिवशी चाक सुटलं. मग कळलं, त्या दोघी नावांचा उत्सव बघायला निघाल्या होत्या, आणि ताई मला सोबत न्यायचा हट्ट धरून बसली होती.

"आई, आपण बघायला चाललोय! ही अकरा किलोची धोंड कशाला?"

"हिनं तरी कुठे पाहिलाय?" ताई म्हणाली.

ठकीने वाकून माझ्या पेटीची कडी लावली.

नदी तशीच होती. काठावर खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि ठकीने पुढच्या रांगेतल्या दोन मिळवल्या होत्या. माझी पेटी उघडून तिने मला ताईच्या पायाशी ठेवलं, तोंड नदीकडे करून. ऊन मानेवर आलं. समोर पाणी चमकत होतं. नावा अजून वरच्या वळणाआड होत्या.

इतक्यात खुर्च्यांमागच्या तंबूतून गलका ऐकू आला. शाळेतल्या मुलींच्या नावेचं शीड चिरलं होतं, आणि नेमकी तेव्हाच काठावरची वीज गेली होती. शिंपीदादा विजेच्या मशीनसमोर हात चोळत उभा होता आणि दहाबारा मुली रडवेल्या होऊन शीड धरून होत्या. ताईने मागे वळून पाहिलं. पुढच्या क्षणी ती गुडघ्यांवर जोर देऊन उठली आणि तिचा हात माझ्या कडीवर पडला.

ठकीने तो हात धरला. "तू बस."

"अगं, शीड आहे ते. जाड असतं. तुला नाही जमायचं."

"रोज माणसांच्या हिरड्यांना टाके घालते मी. शीड नाही शिवता येणार?"

"पण तू कधी हिला हात तरी लावलायस का?"

"नाही लावला," ठकी म्हणाली. "आज लावते. तू बघ."

तिने मला उचललं आणि तंबूत नेलं. ताईची खुर्चीही मुलींनी उचलून तंबूच्या तोंडाशी आणली, तोंड नदीकडे, पाठ आमच्याकडे. मागे न बघता ताई सांगत होती, "दोरा आधी वरच्या आकड्यातून. मग खाली, चकत्यांमधून. आता सुईत, डावीकडून. चाक पुढेच फिरव, मागे नाही. कापड ओढू नकोस, ती आपलं आपण नेते." ठकीने मूठ धरली. तिचा हात आईच्या हातापेक्षा हलका होता आणि घामेजला होता. पहिले चार टाके वाकडे पडले. पाचवा नीट पडला. शिंपीदादाने शीड सावरलं, मुलींनी टोकं धरली आणि मी तीस वर्षांनी तरुण झाले.

बाहेर ढोल वाजले.

"आल्या," ताई म्हणाली. "पहिली हिरवी आहे. तिच्यामागे तांबडी. अगंबाई, शिडं अशी फुगतात होय? मी नुसती शिवत होते, मला काय माहीत! वल्ही सगळी एकदम वर येतात बघ, आणि मध्ये एक म्हातारा उभा राहून..."

तिचा आवाज थांबला. ठकीचा हातही थांबला. "आई? काय झालं? सांग ना पुढे."

"थांब गं जरा," ताई म्हणाली. "बघू दे मला."

ठकी हसली, मग डोळे पुसले आणि पुन्हा चाक फिरवू लागली. शीड वेळेवर गेलं. मुलींची नाव सगळ्यांत शेवटी निघाली आणि शेवटीच पोहोचली, पण पोहोचली. मला त्यातलं काही दिसलं नाही. मला दिसत होती ताईची पाठ. ती इतकी स्वस्थ बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

आता मी ठकीच्या घरात खिडकीशी असते. महिन्यातून एकदा ती माझ्यावर काहीतरी वाकडंतिकडं शिवते आणि ताई ते उसवायला लावते. मित्रांनो, उन्हाळ्यात कुठे जायचं असं तुम्ही घरात ठरवाल, तेव्हा आवर्जून जा. जग बघण्यासारखं आहे, मी ऐकलंय. तिथे गेल्यावर मात्र मंडपाच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारा. कुणीतरी वाकून टाके घालत असेल, खिळे ठोकत असेल, ताटं धूत असेल. तुमच्या घरातही असं कुणीतरी असेलच. त्यांच्या हातातलं काम घटकाभर तुम्ही घ्या आणि त्यांना खुर्ची द्या, पुढच्या रांगेतली. ते काय बघताहेत हे विचारू नका. त्यांना बघू द्या.