कठड्याचा उरलेला निळा

विहाराला लोखंडी कठडा बसवला, तेव्हा उरलेला निळा ऑइलपेंट वस्तीत वाटला गेला. कुणी त्याने दार रंगवलं, कुणी सायकल. प्रेमानंदच्या वाट्याला आला तो डब्याच्या तळाशी तसाच पडून होता. आज तो कामी आला.

बाजेवर गोधडी अंथरून त्याने गिटार आडवी ठेवली. इलेक्ट्रिक गिटार, तीही निळीच. भीमगीतांच्या गायन पार्टीच्या जीपमध्ये हार्मोनियमच्या पेटीवर आदळत गावोगाव फिरलेली. कडेकडेने रंगाचे टवके उडून खालचं पांढरं अस्तर उघडं पडलं होतं. सगळ्यात मोठा टवका वरच्या कडेला, वाजवताना उजवा हात टेकतो बरोबर तिथे.

इतकी वर्षं त्या टवक्यांकडे कुणी पाहिलं नव्हतं. काल मात्र पार्टीचा गायक धम्मदीप दारात मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाला होता, "काका, उद्याचा कार्यक्रम मोबाईलवर लाइव्ह जाऊन राहिला. तुमच्या गिटारीवर कावळे बसून गेल्यासारखं दिसतंय."

"मंग काय करू? आंघोळ घालू तिला?"

"काही बी करा. न्हाई तर कोरसमधी बसा. गिटारीचा आवाज त्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर बी निघतो आता."

धम्मदीप वाईट पोरगा नव्हता. काका म्हणायचा ते मनापासून. पण कोरसमध्ये टाळ्या वाजवायला बसलेला माणूस पुन्हा वाद्यावर आलेला प्रेमानंदने पाहिला नव्हता. ढोलकीवाला सटवाजी तसाच एकदा बसला, आणि पुढे जीपमध्ये चढायचाच बंद झाला.

कठडा रंगवतात तसाच त्याने ब्रश भरून जाड हात मारला. रंग इतका जुळला की टवके कुठे होते हे त्यालाच सापडेना. गिटार उन्हात ठेवून तो भिंतीला टेकला. मागच्या कार्यक्रमांचं जागरण अजून अंगात होतं, खांदा ठणकत होता. डोळा लागला. उठल्यावर रंगावर हळूच बोट टेकवलं, तर बोट कोरडंच आलं.

वसमतच्या लॅबमधून करुणा घरी आली, तेव्हा तो पांढरा सदरा घालत होता. पार्टीत सगळ्यांचा पोशाख पांढराच. बीएस्सी झालेली ही त्याची लेक दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळून दमली होती, तरी चप्पल काढायच्या आधी गिटारीपाशी वाकली. नखाने जरा दाबलं. रंगाला सुरकुती पडली.

"बाबा, हे वाळलं न्हाई. वर नुसती साय आलीय."

"हात लावून पाह्यलं मी. कोरडं हाय."

"वरून कोरडं. ऑइलपेंट पाण्यासारखा उडून वाळत नसतो, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. तुम्ही एवढा थापला की ती सायच खाली हवा जाऊ देईना. त्यात ही थंडी. आतून वाळायला आठ दिवस जातील."

"कठडा तर लगेच वाळला होता."

"कठड्यावर हात टेकून कुणी गाणं वाजवत होतं का?"

त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग तीच म्हणाली, "पुसून टाकू?"

"मंग टवके?"

"दिसतील."

"राहू दे माय," तो म्हणाला. रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

कार्यक्रम सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावात, विहाराच्या अंगणात होता. दिवेलागणीलाच अंगण भरलं. मंचासमोर मोबाईल स्टँडवर उभा केलेला. प्रेमानंद धम्मदीपच्या मागे उभा राहिला आणि त्याने उजवं कोपर तापल्या तव्यापासून दूर धरावं तसं अधांतरी धरलं. टेकू नसला की मनगटाचा आघात एकसारखा पडत नाही. पहिल्या गाण्यात ठेका निसटला. दुसऱ्यात ढोलकी पुढे गेली आणि गिटार मागे फरफटत राहिली. धम्मदीपने गाता गाता मागे वळून पाहिलं. प्रेमानंदचा खांदा आता पेटला होता.

तिसऱ्या गाण्यात हात आपोआप खाली आला. बाहीतून गार चिकट ओल कातडीला लागली. गेलं ते गेलं. पण बोटांना त्यांची जागा सापडली, आणि थोड्याच वेळात पुढे बसलेल्या बाया ठेक्यावर टाळ्या देऊ लागल्या.

गाणं संपल्यावर त्याने हात उचलला. साय बाहीला चिकटून निघून आली. कोपरापासून मनगटापर्यंत सदरा निळा, आणि गिटारीवर टवका पहिल्यापेक्षा मोठा, पांढराफेक.

मंचावर आभाराचं भाषण सुरू झालं, तसा धम्मदीप मागे आला.

"काय झालतं काका? पहिली दोन गाणी झोपेत वाजवली का?"

प्रेमानंदने बाही पुढे केली. धम्मदीपने बोट लावून वास घेतला.

"हा तर आपल्या कठड्याचा!"

"व्हय. उरला होता."

धम्मदीप फसकन हसला. मग काकाचं तोंड पाहून थांबला.

"रंग लावला तर मला वाजवता येईना," प्रेमानंद म्हणाला, "न्हाई लावला तर तुला दाखवता येईना. काय करायचं ते तूच सांग. मी थकलो बाबा."

धम्मदीप बोटावरचा निळा पुसत राहिला. "आताचं तिसरं गाणं," तो हळूच म्हणाला, "ते पॅडवर असं वाजत नसतं."

तो मोबाईलकडे गेला. स्टँड फिरवला, डोळा बारीक करून पाहिलं. "काका, त्या खांबाकडं सरका. अजून. अजून थोडं. हां, आता न्हाई दिसत."

प्रेमानंदने मंचाकडे वळलेल्या स्क्रीनकडे पाहिलं. तिथे ढोलकी होती, पेटी होती, माईक होता. एवढ्या वर्षांच्या आपल्या जागेवर मंडपाचा कापडी पडदा.   मग खांबाशेजारची प्लास्टिकची खुर्ची त्याने पायाने ओढून घेतली.

"बसून वाजवणार?" धम्मदीपने विचारलं.

"दिसून राहिलो का मी?"

"न्हाई."

"मंग?"

तो बसला. पाय लांब केले, गिटार मांडीवर घेतली, ओल्या निळ्यावर सगळा हात टेकवला आणि पुढच्या गाण्यासाठी मान हलवली.