कडता

“साठ,” म्हणत गुरुबसप्पा आडतीतल्या काट्यावरून उतरला. काटा बासष्ट दाखवत होता. दोन किलो त्यानं कडत्यात कापले होते, धोतराचे, सदऱ्याचे, गळ्यातल्या इष्टलिंगाचे. पोत्याचं आणि मातीचं वजन वजा करूनच धान्याचा आकडा सांगायचा, हे लातूरच्या आडतीत तीस वर्षं मापाडी असलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

डॉक्टरांनी बजावलं होतं. हृदय थकलंय, अंगात पाणी साचतं. मीठ बंद, पाणी मोजून, आणि रोज सकाळी वजन. साठावर दोन किलो वाढलं की भरती व्हायचं. पण भरती झालो की काटा त्या नव्या मापाड्याकडे, सिद्धरामकडे जाणार, हे गुरुबसप्पाला पक्कं ठाऊक होतं. जिल्हा नवा झाला तसे मापाडीही नवे आले होते, दुष्काळामुळे माल मात्र येत नव्हता. रिकामा का होईना, काटा त्याचा होता. तो गेला तर या माणसाजवळ उरत काय होतं?

घरी बायको महादेवी रोज आकडा विचारायची आणि त्यावरून ताट वाढायची. साठ म्हटलं की वजन वाढलं नाही म्हणून पथ्य थोडं सैल, भाकरीवर लोणच्याची फोड आणि तांब्याभर पाणी. सारा बाजार ज्याच्या शब्दावर पोती उचलायचा, त्याच्या मापावर तिनं का शंका घ्यावी? पाय सुजले तेव्हा मात्र तिनं विचारलं.

तो हसला. “गावात प्यायला थेंब न्हाई, अन् माझ्या पायात कुठून येईल?”

वैशाखात एका सकाळी काट्याजवळच त्याला धाप लागली. सिद्धरामनंच त्याला हातगाड्यावर घालून दवाखान्यात नेलं. सिस्टरनं वजन केलं, अडुसष्ट भरलं.

“काल साठ होतं की ओ,” महादेवी म्हणाली.

गुरुबसप्पानं मान फिरवली. “कडता धरला होता. रोज थोडा वाढवत गेलो.”

तिला संताप आला आणि वाढलेली एकेक फोड आठवून रडूही आलं. “तुमच्या मापावर म्या तुमाला मीठ वाढलं,” एवढंच ती बोलली.

डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं की आता पथ्याचा उपयोग नाही, मागतील ते द्या. दुपारी त्यानं पाणी मागितलं. महादेवी टँकरच्या रांगेत उभी राहिली, तांब्या काठोकाठ भरून घेतला आणि थेंब न सांडता त्याच्या खाटेपर्यंत आणला.