डब्ल्यू, व्ही नाही

"हाही नाहीच म्हणून राह्यला," असं म्हणत वैजयंतीनं नववा फोन टेबलावर आदळला.

जऊळक्याच्या त्या बियाण्याच्या ऑफिसात इंटरनेटवर चालणारे चौदा फोन आले होते. ते चालू करायला ती अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आलेली. प्रत्येक फोननं आधी वाशीमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, पाहायचं, पटलं तर पडद्यावर बारकं कुलूप दाखवायचं. मग मधल्या कुणाला चोरून ऐकता येत नाही. पण कुलूप काही येईना. साहेब बजावून गेले होते, पाचपर्यंत झालं तर झालं, नाहीतर खोके परत.

खोके परत गेले तर पुंजाजीची खुर्ची वाचणार होती. बावीस वर्षं तो जुन्या बोर्डावर बसून लोकांचे फोन जोडत होता. नव्या फोनांना जोडणारा लागत नव्हता. त्याला गोदामाच्या दारावर बसायला सांगितलं होतं.

"पन अडते कायले हे?" त्यानं विचारलं.

"काका, सर्टिफिकेटावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. नाही जुळलं तं कोनी बी असो, हा दारच उघडत नाही."

पुंजाजी फोनकडे बघतच राहिला. एकदा मोठ्या साहेबांनी नाव न सांगता फोन मागितला, तर यानं त्यांनाही जोडून दिला नव्हता. शिव्या खाल्ल्या, पण नाही म्हणजे नाही. आणि हे वीतभर यंत्र, त्याच्याच जातीचं निघालं.

तो लॅपटॉपवर वाकला. सर्टिफिकेटावर वाशीम होतं डब्ल्यूनं. वैजयंतीनं फोनात भरलं होतं व्हीनं. त्याला लगेच दिसलं. बावीस वर्षं फोनवर पत्ता लिहून घेणाऱ्यांना दिवसातून दहादा तो हेच तर सांगत आला होता.

घड्याळात सव्वाचार झाले होते. तो गप्प बसला असता तरी कुणाला कळलं नसतं.

फोन मात्र हटून बसला होता. नाही म्हणजे नाही.

"पोरी," तो म्हणाला, "वाशीमले डब्ल्यू. व्ही नाही."

"शाळेत तं व ले व्हीच शिकवला मले," ती पुटपुटली आणि अक्षर बदललं.

कुलूप आलं. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौदाही फोनांवर.

"एका अक्षरासाठी," पुंजाजी हळूच म्हणाला. "वा रे पठ्ठ्या."

तेवढ्यात घंटी वाजली, ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये. पुंजाजीचा हात सवयीनं जुन्या बोर्डाकडे अर्ध्यावर गेला होता. तो त्यानं मागे घेतला नाही. समोरच्या नव्या फोनावर ठेवला, कामावर नव्यानं लागलेल्याच्या पाठीवर ठेवावा तसा.