घोडा विकताना

गाडी बघायला आलेल्या बाईच्या वहीत सतरा प्रश्न होते, आणि त्यांतल्या एका तरी उत्तराने ती घाबरून परत जावी, एवढीच ड्रायव्हरकाकांची इच्छा होती.

गाडी विकायची नव्हती, विकावी लागत होती. साखरेच्या दुखण्याने काकांचे डोळे धरले होते. समोरचं सगळं धुरातून आल्यासारखं दिसे. डॉक्टरांनी परवान्याच्या कागदावर सही करायला साफ नकार दिला, तेव्हा काकूंनी काकांना न विचारता गिऱ्हाईक शोधलं. ‘एकदाची जाऊ दे माझी सवत,’ म्हणाल्या. काकांनी मनात म्हटलं, गिऱ्हाईकच पळालं तर मी काय करणार?

घरामागच्या मोकळ्या जागेत रिकामा ट्रेलर आपल्या दोन लोखंडी पायांवर उभा होता. त्याला ओढणारा पुढचा भाग, ज्याला या धंद्यात सगळे घोडा म्हणतात, तो पलीकडे सुटा होता. तेवीस वर्षं ही जोडी काकांच्या हातात होती.

“डिझेल किती खाते, काका?” बाईने विचारलं.

“भरलेली असली तर लिटरला अडीच किलोमीटर. वारा समोरून असला की दोन. चढ लागला तर विचारूच नकोस.”

“वारा समोरून, दोन,” बाईने लिहून घेतलं. “आणि टायर?”

“बावीस. जोडीतला एक गेला की शेजारचा मुकाट त्याचाही भार उचलतो, आणि दिवस मावळायच्या आत तोही जातो. सख्ख्या भावात नसते एवढी माया.”

“म्हणजे रोज सकाळी बावीसही ठोकून बघायचे.” तिने पान उलटलं. “उतारावर?”

“ब्रेकवर पाय दाबून बसलीस तर ते तापतात, आणि तापले की धरतच नाहीत. मग तू, देव आणि दरी.”

“खालच्या गिअरमध्ये उतरायचं. बरोबर ना?”

काकांनी घाबरवायला काढलेली एकेक गोष्ट तिने ओटीत घ्यावी तशी घेतली होती.

“मागे घेणं जमेल का पण? ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं.”

“यांना विचारू नकोस गं,” काकू दारातून म्हणाल्या. “यांनी आयुष्यात कधी मागे घेतलेलं नाही.”

बाई हसली. “सहा वर्षं दुसऱ्याचा सिमेंटचा ट्रेलर चालवलाय, काकू. आता आपला हवाय.”

काकांना कुठेतरी टोचलं. “बघ तर मग, जोडतात कसं,” म्हणत ते घोड्यावर चढले.

जागा पायाखालची होती. डोळे नसते तरी चाललं असतं. घोडा हळूहळू मागे सरकत ट्रेलरच्या पोटाखाली शिरला, आणि खण्णकन आवाज झाला. काका उतरले, ब्रेकच्या हवेचे पाइप जोडले आणि ट्रेलरचे पाय वर घ्यायला हँडल फिरवू लागले.

“काका, जोड बसला का ते ओढून नाही बघितलंत?”

“आवाज आला की.”

“तरी.” ती मोबाईलचा दिवा लावून खाली वाकली, थेट आत शिरली. बराच वेळ फक्त तिच्या चपला दिसत होत्या. “घोड्याचा जबडा ट्रेलरच्या खिळ्यावर मिटला नाहीये, काका. बोटभर फट आहे.”

काकांचा हात हँडलवरच राहिला. तसाच घोडा पुढे काढला असता, तर ट्रेलर तोंडावर आपटला असता. तेवीस वर्षं ते दर खेपेला वाकून बघत आले होते. गेल्या काही महिन्यांत वाकणं तेवढं उरलं, बघणं सुटलं. वाकलं काय आणि न वाकलं काय, धूर तोच. मग वाकणंही सुटलं, आणि त्यांनी सगळा भार कानांवर टाकला. हे त्यांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं.

बाईने ट्रेलरचे पाय पुन्हा खाली टेकवले, घोडा पुढे घेऊन परत आत घातला, हलकेच ओढून बघितलं, उतरून दिवा लावून पाहिलं. या वेळी जबडा घट्ट होता. मग तिने ट्रेलरचे पाय वर घेतले. काकांच्या हातांसारखेच तिचे हात चालत होते. एक खोट काढायला मिळाली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

“बसा, काका. एक फेरी मारून येऊ.”

ते क्लीनरच्या बाजूने चढले. तेवीस वर्षांत या सीटवर ते कधी बसले नव्हते. ब्रेकच्या हवेचा काटा वर चढेपर्यंत ती घाई न करता थांबली. मग फस्सकन ब्रेक सुटले. फाटकाशी वळताना तिने सवयीने विचारलं, “डावीकडे मोकळं आहे?”

काकांनी आरशात पाहिलं. काच उघडून कमरेपर्यंत बाहेर वाकले. चाकाशेजारी काहीतरी उभं होतं. खांब असेल. माणूसही असेल. हो म्हणायला त्यांचे ओठ उघडले होते.

“थांब,” ते म्हणाले. तिने ब्रेक दाबला.

“काय आहे?”

“मला नाही दिसत, पोरी. तू उतर आणि बघ.”

ती हँडब्रेक ओढून उतरली. इंजिन चालूच होतं, आणि स्टिअरिंगसमोर कुणी नव्हतं. हात लांबवला असता तर पोचला असता. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती परत येईपर्यंत तसेच धरून ठेवले.