शेवटची पाटी

माझ्या मुलीनं नाताळला स्वतः यायच्या ऐवजी ड्रोन पाठवला. जावयानं हौसेनं घेतलेला, दोनदा उडवून कपाटात टाकलेला. तुटू नये म्हणून खोक्यात भोवतीनं त्याचे जुने मोजे कोंबले होते.

"ताते, तुझा वेळ जात नाही ना, मग हे उडवत जा," वेसेला फोनवर म्हणाली. बापाला ती ताते म्हणते.

"माझा वेळ जात नाही असं कुणी सांगितलं तुला?"

वेळ जात नव्हता हे खरंच होतं. पण तिनं ते ओळखावं, आणि ओळखून मोज्यांत गुंडाळलेलं यंत्र पाठवावं, याचा मला राग आला. बापाला खेळणं पाठवतेय! खोकं मी मार्चपर्यंत उघडलं नाही.

मी रांगेल केहायोव. आमच्या गोर्नो ब्रेस्तेहून खाली स्मोल्यान शहराला जाणारी बस मी जन्मभर चालवली. गावातली निम्मी माणसं माझ्याच बसनं कायमची गेली, कुणी जर्मनीला, कुणी स्पेनला. माझी मुलगीही, स्पेनला. तिची बॅग मीच टपावर चढवली होती. माझी बायको मिंका जाऊन तीन वर्षं झाली. वेसेला तेव्हा आली होती, आईच्या मातीला, आणि त्यानंतर नाही. कधी संत्र्यांचा हंगाम असतो, कधी मुलांच्या परीक्षा. दर रविवारी जेवणानंतर तिचा फोन येतो. ती भांडी घासत बोलते. मला तिच्या नळाचं पाणी ऐकू येतं, आणि नळ बंद झाला की फोनही संपतो.

ड्रोन पहिल्यांदा उडवला तो चर्चमागच्या कुरणात. शेजारचा म्लादेन काठी टेकत बघायला आला. त्याच्याकडे मोबाइल नाही, पण मत सगळ्यावर असतं.

"काय रे, आता म्हातारपणी पोलिसात लागलास?"

"बाजूला हो, पंखा लागेल."

"माझ्या आवारावरून नेऊ नकोस. रकिया गाळतोय मी. वरून मोजशील बाटल्या."

"तुझ्या बाटल्या मोजायला ड्रोन कशाला? तुझं नाक बघितलं की कळतं."

म्लादेन हसला, खोकला आणि तिथंच दगडावर बसला. दोघं मान वर करून बघत राहिलो. मग मी हातातल्या पडद्याकडे पाहिलं आणि बोलायचं विसरलो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसं वरून आमचं गावही साजरं दिसत होतं. दगडी छपरं, पडवीतले लाकडी खांब, वळणं घेत उतरणारा माझा रस्ता. पडक्या भिंती वरून कळत नव्हत्या. फाटकांवरचे कागदही दिसत नव्हते. खाली चालताना तेच आधी दिसतात. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव, चर्चची वेळ असा कागद छापून फाटकावर, खांबावर, बसथांब्यावर लावतात. चाळिसाव्या दिवशी नवा, सहा महिन्यांनी नवा, मग दरवर्षी. गावात आता जिवंत माणसांपेक्षा कागदावरची जास्त. माझ्याही फाटकावर मिंका आहे, आणि रोज येता-जाता मी तिला काहीबाही सांगतो.

त्या दिवशीच माझ्या डोक्यात आलं. पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, आमची जत्रा असते. पूर्वी परदेशातून गाड्यांची रांग लागायची, चर्चसमोर मोठमोठ्या हंड्यांत मटण शिजायचं. गेल्या वर्षी एकच हंडा चढवला आणि त्यातलाही निम्मा कुत्र्यांनी खाल्ला. मी ठरवलं, गावाची फिल्म करायची आणि सगळ्यांना पाठवायची. सगळ्यांना हे आपलं म्हणायला. मला एकटी वेसेला यायला हवी होती. आपलं घर, आपलं अक्रोडाचं झाड तिनं असं वरून पाहिलं, तर ती कशी येणार नाही?

वरून चित्रण करणं सोपं निघालं. खरी गंमत पुढं होती. आमच्या वाचनालयात एक कॉम्प्युटर आहे आणि त्याची मालकीण असल्यासारखी रुम्याना आहे. पन्नाशीची, विधवा, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "शिकवीन. पण माझं ऐकायचं, काका. बसमध्ये ड्रायव्हर तुम्ही होता, इथं मी आहे."

पहिल्या दिवशी फिल्म लावली आणि मी म्हटलं, "आवाज वाढव."

"आवाज नाहीच यात. ड्रोन आवाज घेत नाही."

"का?"

"घेतला तर नुसती घरघर येईल. पंखे असतात ना."

एवढं सगळं गाव पडद्यावरून सरकत होतं आणि चिडीचूप. मला कसंतरी झालं. बाहेर तरी वेगळं काय होतं? दुसऱ्या दिवसापासून मी फोन घेऊन आवाज गोळा करत फिरलो. पाणवठ्याची धार, शेळ्यांच्या घंटा, आमच्या फाटकाची कुरकुर. माणसांचे आवाज हवे होते, पण म्लादेनला बोल म्हटलं की तो सरकारला शिव्याच घालायचा.

मग कापाकापी सुरू झाली. माझी पहिली फिल्म तास-दीड तासाची होती. रुम्यानानं कपाळाला हात लावला.

"काका, हे काय आहे?"

"गाव आहे."

"एकेक छप्पर किती वेळ दाखवलंय! कापा."

"ते वासिलचं घर. तो म्युनिकमध्ये आहे. शोधेल ना आपलं छप्पर."

"आणि हे?"

"ते वासिलच्या चुलत भावाचं."

"त्यात तर झाड उगवलंय!"

"पण त्याचंच आहे ना."

तिनं माऊस माझ्या हाताखाली सरकवला. "हे बघा. क्लिपच्या मधोमध या. इथं कात्री. आता नको तो तुकडा निवडा आणि उडवा. दोन बाजू आपोआप जवळ येतात. मध्ये काही होतं हे कुणाला कळतही नाही."

मी वासिलच्या चुलत भावाला उडवलं. खरंच दोन बाजू जवळ आल्या, आणि तिथं घर होतं हे कुणाला कळलं नसतं. मला ते मुळीच आवडलं नाही. तरी शिकलो. आधी प्रत्येक जोडावर काहीतरी नाच केला, कुठं पान उलटतंय, कुठं चांदणीतून चर्च येतंय. रुम्याना म्हणाली, "लग्नाची कॅसेट आहे का ही?" तेही काढलं. सुरुवातीचे हिसके, उतरतानाची थरथर, कडेला चुकून आलेला मी, सगळं काढलं. मे गेला, जून गेला. रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी मी पायरीवर बसलेला असायचो. खरं सांगतो, मिंका गेल्यापासून इतके चांगले दिवस आले नव्हते. सकाळी उठायला काहीतरी कारण होतं.

जुलैच्या सुरुवातीला फिल्म तयार झाली. सात मिनिटं. शेवटी आमचं घर, अक्रोड, आणि मग हळूहळू वर जात सगळं गाव.

"आता शेवटी तुमचं नाव टाका," रुम्याना म्हणाली. "फोटोही टाका. कुणी केली ते कळू दे. आणि जत्रेचं निमंत्रण. मी दाताच्या डॉक्टरकडे स्मोल्यानला चाललेय, उद्या दुपारी येईन. जमेल ना एकट्याला?"

"तास-दीड तासाचं सात मिनिटांवर आणलंय मी. एक पाटी नाही जमणार?"

जमली की! आणि चांगली जमली असंच मला वाटलं. फोटो एकच होता, ओळखपत्रासाठी काढलेला, टाय लावून. रंगीत ठेवला तर नाक लाल दिसत होतं, म्हणून काळा-पांढरा केला. पांढरा शर्ट पांढऱ्या पाटीत मिसळत होता, म्हणून भोवती काळी चौकट घातली. फोटोखाली ठळक अक्षरांत नाव, त्याखाली 'पंधरा ऑगस्ट, सकाळी दहा वाजता, चर्चच्या अंगणात. नंतर जेवण. सर्वांनी यावे.' फोटो आणि नाव नीटनेटकं कसं मांडतात, ते मी आयुष्यभर एकाच प्रकारे पाहत आलोय. हाताला तेच वळण होतं. डोळ्यांना ते शोभून दिसलं, भारदस्त वाटलं. मी फिल्म गावाच्या ग्रुपवर टाकली. माझं काही तिथं खातं नाही, म्हणून वाचनालयाच्या नावानं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बटाट्याच्या शेतावर गेलो. फोन घरी, चार्जरला. दहा-अकराच्या सुमारास म्लादेन धापा टाकत बांधावर उभा राहिला आणि माझ्याकडे टक लावून बघू लागला.

"काय झालं?"

"तू मेलायस का रे?"

"सकाळपासून किती प्यालास?"

"दुकानात पाववाल्यानं सांगितलं. प्लोवदिवहून त्याच्या बहिणीचा फोन आला. रांगेल गेला म्हणे, चाळिसाव्याचं जेवण पंधरा ऑगस्टला आहे. मी म्हटलं, अरे, काल संध्याकाळी तर मला उंदरांचं औषध उसनं मागत होता!"

माझ्या हातातलं खोरं तसंच राहिलं. ती पाटी डोळ्यांपुढं आली, आणि या वेळी मी ती फाटकावर लावलेली पाहिली.

घरी पळालो. माझ्या वयात जितकं पळता येतं तितकं. फोनवर वेसेलाचे न घेतलेले कॉल एकाखाली एक. आदल्या रविवारी तिचा फोन आला नव्हता आणि मीही रुसून केला नव्हता. तिनं काय समजायचं? मी फोन लावला.

"ताते?" पलीकडून एवढंच. मग ती रडायला लागली. लहानपणी गुडघा फुटला की रडायची तशी, हुंदके देत. मागं नळ वगैरे काही नव्हता. ती फक्त माझ्याशी बोलत होती.

"आहे गं मी, आहे. ती जत्रेची पाटी होती. माझी चूक झाली."

"जत्रेची? काळ्या चौकटीत?"

"शर्ट दिसत नव्हता म्हणून."

"शर्ट!" ती किंचाळली. "शर्ट दिसत नव्हता म्हणून तू... ताते, माझं काय झालं असेल याची कल्पना आहे तुला? पंधरा ऑगस्टपासून चाळीस दिवस मागं मोजले मी. मला वाटलं तुला जाऊन चार दिवस झाले आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही. मुलांना सांगितलं मी. कामावर सांगितलं. मालकानं आठवड्याची रजा दिली. उद्याचं तिकीट काढलंय."

उद्याचं. माझ्या छातीत असं काही भरून आलं की मला लाज वाटली.

"मग ये ना," मी म्हटलं.

"काय?"

"तिकीट आहे, रजा आहे. ये. अक्रोडाखाली खाट टाकतो. बटाटे निघालेत नवे. तू ये, वेसेला. मला फार एकटं वाटतं गं." हे मी तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं. सांगायला मेलेला असावं लागलं.

ती नाक पुसत होती. मग तिचा नेहमीचा आवाज आला, रविवारचा.

"आता कशाला, ताते? तू बरा आहेस ना. रजा तुझ्या मातीची होती, आता मालकाला काय सांगू? हंगाम चालू आहे, मुलांना कुठं ठेवू? तिकीट परत घेतात का बघते. पुढच्या वर्षी नक्की बघू, हं? आणि ते आधी काढून टाक."

दुपारी रुम्याना आली. गाल सुजलेला होता, तरी पाटी बघून इतकी हसली की गाल धरून खाली बसली. माझं तोंड बघितल्यावर थांबली.

"चला, काका, काढून टाकू. लोक रडतायत."

"थांब जरा. वाचू दे."

फिल्मखाली केवढं लिहिलं होतं लोकांनी! 'माती त्याला हलकी होवो.' 'परीक्षेच्या दिवशी बस थांबवून ठेवली होती माझ्यासाठी.' वासिलनं म्युनिकहून लिहिलं होतं, देवमाणूस. हाच वासिल माझ्या पत्राला कधी उत्तर देत नव्हता. मेल्या म्हशीला मणभर दूध! मी हसत हसत खाली सरकत गेलो आणि वेसेलाचं नाव दिसलं. पहाटे लिहिलेलं.

'माझ्या ताते, मी येणार होते रे. दर रविवारी फोन ठेवला की मला वाटायचं, आज तुझ्याशी नीट बोललेच नाही. तू बसच्या आरशातून मला बघायचास, मी मागच्या सीटवर झोपले का ते. अजून कुठंही प्रवासाला निघाले की मी आधी आरशात बघते. मला माफ कर. उद्या घरी येतेय.'

मी ते परत वाचलं. आणखी एकदा वाचलं. रुम्यानानं खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसली.

"फक्त पाटी काढून हे खालचं ठेवता येतं का?" मी विचारलं.

"नाही, काका. नवी फिल्म चढवायची म्हणजे जुनी काढावी लागते. ती गेली की खालचंही सगळं जातं."

"बरं."

"लिहून घ्यायचंय का आधी?"

"नको. मेलेल्या माणसाला लिहिलंय ते. मी कशाला ठेवू?"

पाटी मीच कापली. कात्री कुठं लावायची ते आता शिकवावं लागत नव्हतं. मग रुम्यानानं जुनी फिल्म काढली आणि नवी चढवली. आता शेवटी छपरं होती, शेळ्यांच्या घंटा होत्या, आणि साध्या अक्षरांत जत्रेचं निमंत्रण.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन बघितलं. फिल्मखाली कुणी काही लिहिलं नव्हतं. वेसेलानं एक अंगठा टाकला होता.